शिंग्रोबाच्या देवळाशी दहा मिनिटं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. फक्त मधली धाप काढून टाकली आहे.

तर झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आम्ही बावीस जण मुंबईहून कोल्हापूरला सायकलने गेलो. चार दिवस. लांबच्या पाड्यांवरच्या मुलींना शाळेत जायला सायकली घ्यायच्या होत्या, त्यासाठी देणगी गोळा करत. पहिल्या दिवशी वाशी ते लोणावळा. पनवेल, चौक, खालापूर हा टप्पा गप्पा मारतच संपला. सपाट रस्ता, गार हवा, सगळे हिरो. खोपोलीत वडापाव खाल्ला आणि मग घाट लागला, तसं एकेकाचं बोलणं बंद झालं.

एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे खोपोलीहून जुन्या रस्त्याने चढायचं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही मी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात होतो. शेजारून ट्रक गुरगुरत चाललेले. असा मरत-मरत शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचलो. मुंबई-पुण्याचे सायकलवाले इथे थांबतातच. भक्ती किती आणि दम लागलेला किती, ते विचारू नका.

आमचं सामान घेऊन येणारा टेम्पो तिथे आधीच उभा होता. टेम्पोवाले मामा देवळासमोर नाणं टाकून हात जोडत होते.

"दादा, तुम्ही पण टाका. याच्यामुळे तर रस्ता झालाय."

गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. इंग्रजांना घाटातून वाट काही सापडेना. तिथे शिंग्रोबा नावाचा धनगर गुरं-मेंढरं चारायचा, त्याने वाट दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, काय पाहिजे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. मामांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू ते त्या दिवशी तिथे हजर होते.

आता मी पडलो इंजिनीअर. दंतकथा ऐकली की डोक्यात लगेच टेस्ट केस सुरू होतात. बोरघाट काही कोणापासून लपलेला नव्हता. कोकण आणि देश जोडणारी ही फार जुनी वाट. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेता येतील इतपत ती नीट करून घेतली. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात गाड्या जातील असा पक्का रस्ता झाला. म्हणजे रस्त्यासाठी वाट 'शोधायची' गरजच नव्हती.

मग रेल्वेसाठी? तिथे प्रश्न खरंच अवघड होता. बैलगाडी जो चढ चढते तो इंजिनाला झेपत नाही. शेवटी ठरलेला चढसुद्धा काही ठिकाणी दर ३७ फुटांना १ फूट इतका उभा होता, आणि एका जागी गाडीला वळायलाच जागा नाही म्हणून तिची दिशा उलटी करून पुढे न्यायची, असं रिव्हर्सिंग स्टेशन बांधावं लागलं. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या लोकांनी त्यासाठी डोंगर पुन्हा पुन्हा मोजले. पण ती लाइन चढते कर्जत-पळसदरीच्या बाजूने, आणि शिंग्रोबाचं देऊळ आहे खोपोलीच्या रस्त्यावर. माझ्या वाचनात आलेल्या रेल्वेच्या इतिहासांत त्याचं नाव मला कुठे भेटलं नाही.

एवढं सगळं मी मामांना ऐकवणार होतो. नशीब, तोंडात केळं होतं.

कारण तेवढ्यात मला त्याच इतिहासातली दुसरी बाजू आठवली. घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. २५ बोगदे. १८६१ च्या सुमाराला एका वेळी ४०,००० च्या वर मजूर त्यावर राबत होते. पटकी आणि तापाने माणसं पटापट गेली, मृतांचे अंदाज २५,००० पर्यंत जातात. इंग्लंडहून आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवून काम पुरं करून घेतलं. तिचंही नाव माहीत आहे, आणि असायलाच हवं, बाई जबरदस्त होती. पण त्या हजारोंपैकी मला एकाचंही नाव सांगता येत नाही. ऑफिसात गिट ब्लेम केलं की कुठली ओळ कोणी लिहिली ते लगेच कळतं. घाटात ती सोय नाही.

तेव्हा शिंग्रोबा एक माणूस होता की नव्हता, यावर मी आता वाद घालत नाही. डोंगर मोजायला आलेल्या परक्यांना पायवाटा, पाण्याच्या जागा कोणीतरी दाखवल्याच असणार. गोळीची गोष्ट मला नंतरची वाटते. पण 'काम झालं आणि मोबदला बुडाला' हा तिचा गाभा मात्र हवेतून आलेला नाही. २० जानेवारी १८५९ ला याच घाटातल्या रेल्वेच्या कामावर मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला होता.

हे शेवटचं मी मामांना रात्री लोणावळ्यात सांगितलं, जेवण झाल्यावर. ते हसले.

"म्हणजे जुनंच आहे म्हणायचं. गेल्या वर्षीच्या ट्रिपचे माझे दोन हजार अजून यायचेत."

"कुठल्या ट्रिपचे?"

"ह्याच की तुमच्या."

मामा चिडलेले नव्हते, हेच जास्त लागलं. यंदाच्या खर्चाचा हिशोब माझ्याकडे होता, तीच शीट मागच्या वर्षीपासून पुढे चालत आलेली. मोबाइलवर उघडली. जुन्या टॅबमध्ये, अगदी खाली, 'टेम्पो – बाकी २,०००'. नाव नाही, नंबर नाही. मी ती ओळ महिनाभर रोज बघत होतो आणि जुना कचरा समजून स्क्रोल करत होतो. आमच्या टी-शर्टच्या पाठीवर मात्र बावीसच्या बावीस नावं छापलेली.

मी ग्रुपवर मेसेज टाकला. अर्धा तास कोणी काही बोललं नाही, नुसत्या निळ्या टिका. मग एकाने लिहिलं, "देणगीच्या पैशांतून देता येणार नाहीत ना?" बरोबर होतं त्याचं. ते मुलींच्या सायकलींचे पैसे. मग शंभर-शंभर रुपये काढले. दोघे झोपले होते, त्यांचे मी भरले.

सकाळी मामांनी फोन बघितला, खिशात टाकला आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय. आज शिरवळ गाठायचंय." शीटमधल्या त्या ओळीत नाव लिहायचं होतं, तेव्हा लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीतच नाही. दोन वर्षं सगळे नुसते मामाच म्हणतात. विचारलं. ते त्यांनी सांगितलं, पण पॉडकास्टवर घेऊ नको म्हणाले.