कसब नसलेल्या तरुणाचे परदेशगमन : धर्मानंद कोसंबी, १८९९–१९०६

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणसाने देश सोडला, त्याचा इतिहास सामान्यतः दोन टोकांकडून लिहिला गेला आहे. एका टोकाला विद्यार्थी आहेत. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याविना निघाल्या होत्या. तरी न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटरबाईंचे घर त्यांची वाट पाहत होते. दुसऱ्या टोकाला गिरमिटाने बांधलेले मजूर आहेत, ज्यांची नावे जहाजांच्या याद्यांत सापडतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रवासी आहे. त्याच्याजवळ ना पदवी, ना करार, ना पलीकडच्या गावातला पत्ता. असा प्रवासी सहसा कागद मागे ठेवत नाही. धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) यांनी तो ठेवला, आणि म्हणून १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘निवेदना’कडे बौद्ध विद्येच्या इतिहासाइतकेच स्थलांतराच्या इतिहासाचे साधन म्हणूनही पाहणे अगत्याचे ठरते.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या या मुलाची प्रकृती नाजूक होती आणि घरच्यांना त्याच्या बुद्धीविषयीही फारशी आशा नव्हती. शिक्षण झाले ते मराठी, तेही तुटक. इंग्रजी नाही, कोणत्याही परीक्षेचा दाखला नाही. नारळाच्या बागेची देखरेख हा घरचा व्यवहार, तोच त्यांचाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. स्वतःच्या खटपटीने मिळवलेले थोडे संस्कृत आणि मराठी मासिके-पुस्तके वाचण्याची ओढ, एवढीच शिदोरी. बुद्धाचे चरित्र त्यांनी प्रथम वाचले तेही ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात. पुढे हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाचे संपादन करणाऱ्या विद्वानाच्या चरित्राला हा आरंभ साजेसा वाटतो; पण १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाला पुढचे काही ठाऊक नव्हते. त्या दिवशीचा हिशेब मांडला तर बाजारात विकता येईल असे कोणतेही कसब त्यांच्या हाती नव्हते.

येथे ‘परदेश’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल करून घ्यावा लागतो. साखवाळ पोर्तुगीज अमलाखाली होते, तेव्हा पुण्याला जाणे हेच कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या राज्यात जाणे होते. मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाल्यापासून ही सीमा ओलांडणे सोपे झाले होते, आणि ती ओलांडणारे कोसंबी काही एकटे नव्हते. त्याच दशकांत गोव्यातील शेकडो ख्रिस्ती तरुण मुंबईची वाट धरत होते. कुणी आचारी, कुणी वाजंत्री, कुणी बोटीवरचा तारवटी होई. त्यांच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण कोसंबींपेक्षा अधिक नव्हते. परंतु त्यांच्यासाठी मुंबईत गावोगावची कूड होती. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेली सामायिक खोली. ट्रंक ठेवायला जागा, निजायला चटई, भिंतीवर देव्हारा, आणि बोटीवर जागा रिकामी झाल्याची बातमी आणणारा कुणीतरी जुना गाववाला. नवख्या मुलाला कसब नसे. ते कूड आणि बोट यांच्या दरम्यान कुठेतरी येई.

कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांची वाट याहून कठोर होती. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. मुंबई इलाख्याचा त्यातील वाटा कलकत्ता आणि मद्रास बंदरांच्या मानाने लहान, तरीही आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असावी इतका टिकाऊ. मजुराची निवड त्याच्या हातांवरून होत असे, शिकलेपणावरून नव्हे. त्याला प्रवासखर्च, शिधा आणि महिना पाच रुपयांच्या आसपास मजुरी यांचे आश्वासन मिळे. बदल्यात एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा मळेवाल्याचा हक्क मान्य करावा लागे. सिलोनच्या चहामळ्यांवर तमिळ मजुरांना नेणारा कंगाणी आगाऊ रकमेच्या कर्जाने तेच साधत असे. अकुशल माणसाला परमुलखात नेणारी जी यंत्रणा असते तीच त्याची किंमतही ठरवते, असे या सर्व उदाहरणांवरून दिसते.

कोसंबींना यांपैकी कोणतीच यंत्रणा उपलब्ध नव्हती, किंवा त्यांना ती नको होती. त्यांना पैसा मिळवायचा नव्हता. बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून शिकायचा होता, आणि तो कुठे शिकवतात याची माहिती गोव्यात कुणाला नव्हती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, प्रार्थनासमाजाचा आसरा मिळाला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. काशीतील त्यांचा मुक्काम समजून घेताना त्या शहराची एक जुनी व्यवस्था ध्यानात ठेवावी लागते. मराठा सरदारांनी आणि देशोदेशीच्या धनिकांनी घातलेली अन्नछत्रे ही तेथील संस्कृत शिक्षणाची खरी आर्थिक पायाभरणी होती. शास्त्री विद्येचे मोल घेत नसत आणि छत्र जेवणाचे. त्यामुळे खिशात दमडी नसलेला विद्यार्थी वर्षानुवर्षे व्याकरण शिकू शकत होता. मात्र छत्राच्या दारात जातीचा प्रश्न आधी येई. महाराष्ट्रातील इतर ब्राह्मण ज्यांच्या ब्राह्मण्याविषयी वाद घालत आले त्या गौड सारस्वतांतून आलेल्या तरुणाला हा प्रश्न औपचारिक राहणे शक्य नव्हते. कूड गाव विचारत होती, मळेवाला बाहू तपासत होता, छत्र कुळी विचारत होते. फुकट असे काहीच नव्हते.

१९०२ च्या आरंभी ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर नेपाळात गेले. शिवरात्रीच्या यात्रेखेरीज परक्यांना त्या खोऱ्यात प्रवेश मिळणे त्या काळी कठीण असे. बुद्धाच्या जन्मभूमीच्या राज्यात बुद्धाचा धर्म जिवंत असेल ही अपेक्षा. ती फोल ठरली. चरित्रकार या प्रसंगाची नोंद ‘निराशा’ या एका शब्दात करून पुढे जातात. स्थलांतराच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. चुकीच्या देशात पोहोचणे हा कसब आणि माहिती दोन्ही नसलेल्या प्रवाशाचा नेहमीचा अनुभव होय. पत्ता असलेल्या आनंदीबाई चुकल्या नसत्या. कोसंबी चुकले आणि परत फिरले ते घराकडे नव्हे, तर बोधगयेकडे. तेथे त्यांना सिलोनचे नाव मिळाले. कलकत्त्याच्या महाबोधी सभेने पुढची वाट दाखवली.

कोलंबोतील विद्योदय परिवेण हिक्कडुवे सुमंगल महाथेरांनी १८७३ मध्ये स्थापन केले होते. १९०२ मध्ये कोसंबी तेथे श्रामणेर झाले. विहाराने त्यांना चीवर, भिक्षापात्र, निवारा आणि गुरू दिला. मोबदल्यात घेतला तो संपूर्ण दिनक्रम : मध्यान्हानंतर अन्न नाही, स्वतःचे द्रव्य नाही, घर नाही. भाषेचा प्रश्न याहून बिकट. सिंहली येत नव्हते, इंग्रजी नसल्यासारखेच. दुवा एकच, तो संस्कृताचा, आणि त्यावरून चाचपडत पालीपर्यंत जायचे. ग्रंथ सिंहली लिपीत होते म्हणून लिपी शिकावी लागली. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर ब्रह्मी लोकांची लिपी शिकावी लागली. तेव्हा ही केवळ अडचण होती. काही वर्षांनी तीच त्यांची विद्या ठरली. हिंदुस्थानातील विद्यापीठांत पालि जाणणारे फार थोडे होते, आणि विहारात राहून वेगवेगळ्या लिप्यांतील ग्रंथ आचार्यांकडून वाचलेले त्याहून थोडे.

येथे विहारालाही सरसकट उदारतेचे प्रशस्तिपत्र देता येत नाही. सुमंगल ज्या स्यामनिकायाचे होते तो सिंहली समाजातील गोविगम जातीखेरीज इतरांना दीक्षा देत नसे. परदेशी ब्राह्मण तरुणाला जे दार उघडले ते त्या बेटावरच्या कित्येक तरुणांना बंद होते. उपऱ्याला कधीकधी स्थानिकापेक्षा अधिक मोकळीक मिळते, आणि ती त्याने मिळवलेली असतेच असे नाही.

१९०६ मध्ये चीवर उतरवून कोसंबी कलकत्त्यास आले. बंगालमध्ये त्या वर्षी राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ जोरात होती. राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांना पालि शिकवण्याचे काम मिळाले, आणि त्यानंतर आशुतोष मुकर्जी कुलगुरू असताना कलकत्ता विद्यापीठातही. सात वर्षांपूर्वी ज्याच्याजवळ एकही दाखला नव्हता तो मनुष्य दाखल्याविनाच अध्यापक झाला. नंतर कलकत्त्यातील अधिक वेतन सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांची दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती पत्करली, कारण ती महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी होती. विसुद्धिमग्गाचे संपादन अपुरे ठेवून हेन्री क्लार्क वॉरन १८९९ च्या जानेवारीत वारले होते. त्या कामासाठी १९१० मध्ये हार्वर्डहून बोलावणे आले. या वेळी पत्ता हाती होता.

मात्र हा सगळा वृत्तान्त आपल्यापर्यंत पोहोचतो तो यशाच्या अलीकडून. ‘निवेदन’ लिहिणारा मनुष्य फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून झालेला, अमेरिका पाहून आलेला आहे. उपासमार आणि फसलेले प्रवास यांना त्याच्या लेखणीत जो शांत सूर लाभतो, तो शेवट ठाऊक असल्यामुळे. त्याच काळात काशीच्या छत्रांतून जेवून, घाटांवर निजून कुठेही न पोहोचलेले तरुण किती असतील, हे कोणत्याही ग्रंथात आलेले नाही. कोसंबींच्या धैर्याला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांचे उदाहरण नियम म्हणून मांडण्याची घाई मात्र टळते.

दुसरी बाजू घराची. १८९९ साली साखवाळात बाळाबाई आणि तान्ही माणिक मागे राहिल्या. नवरा कुठे आहे, कोणत्या धर्मात आहे, परत येणार की नाही, यांपैकी कशाचीच खात्री नसताना सुमारे सात वर्षे गेली. स्वतः एकटा जाण्यासाठी कुणाला तरी मागे ठेवावे लागते. त्या काळच्या एकत्र कुटुंबाने हा भार उचलला म्हणून ते जाऊ शकले. अन्नछत्र आणि विहार यांच्याइतकेच ते कुटुंबही या प्रवासाचे आश्रयदाते मानले पाहिजे. धर्मानंदांनी आपल्या दोषाची जाणीव लपवलेली नाही. तरीही बाळाबाईंचे म्हणणे वाचकापर्यंत येते ते त्यांच्याच मार्फत. गिरमिटिया मजुराच्या बायकोविषयी निदान वसाहतीच्या दप्तरात अर्ज, तक्रारी सापडतात. भिक्षू झालेल्याच्या बायकोसाठी असे कोणतेही दप्तर नव्हते.

१९०६ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास परतले. ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर हा मुलगा झाला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून ख्यातनाम झाला. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा शिक्षणासाठी बरोबर दोन मुले होती. एक दामोदर, दुसरी माणिक.