टाकाऊतली बाग : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

डालडाचा डबा 1937 साली आपल्या बाजारात आला. तो रिकामा झाल्यावर त्याचे काय करायचे, हे कोणत्याही जाहिरातीने सांगितले नव्हते. चाळीतल्या बायकांनी खिळ्याने त्याच्या बुडाला भोके पाडली, माती भरली, गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधला आणि त्यात तुळस लावली. रॉकेलचे डबे, गळके माठ, कान गेलेल्या बरण्या यांनाही कुंड्यांची नोकरी याच रीतीने लागली. बाग सजवण्याचा हा मार्ग आपल्याकडे इतका सर्रास आहे, की त्याच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे असे सहसा कुणाला वाटले नाही. पुढे शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चा तास आला आणि त्याने या विषयाचे जेवढे भले केले तेवढेच नुकसानही केले. बाटली कापायची, तिला रंग फासायचा, डोळे चिकटवायचे आणि प्रदर्शनात मांडायची. ती बाटली आधी कशाची होती, उन्हात तिचे काय होईल, तिच्यात रोप जगेल का, हे विचारायची सोय त्या तासाला नव्हती.

या विषयात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. त्याला एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. भंगारातली वस्तू उचलताना ‘ही कशी दिसेल?’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘ही आधी काय करत होती?’ हा पुढे घ्यावा. वस्तूच्या पूर्वायुष्यावरून ती बागेत कुठे शोभेल ते ठरते, किती पावसाळे टिकेल ते ठरते, आणि तिच्या शेजारी भाजी लावावी की नाही हेही ठरते.

या विषयाची शाळा काढायची झाली तर ती भिवंडीत काढावी, असे माझे मत आहे. धूळ, ट्रकांच्या रांगा आणि मागांचा खडखडाट एवढ्यावरच भिवंडी ओळखणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण हे शहर मुळातच दुसऱ्यांनी काढून टाकलेल्या सामानावर वाढले. उत्तरेकडचे मोमीन विणकर एकोणिसाव्या शतकात इथे येऊन हातमागावर बसले. विसाव्या शतकात यंत्रमाग आले, आणि त्यांत मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग पुष्कळ होते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांतले विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकले. गिरणीमालकाने ज्याला भंगार म्हटले त्याच मागावर इथल्या घरांच्या चुली पेटल्या. अशा गावाला पुनर्वापराचे धडे बाहेरच्याने येऊन द्यावेत, यात थोडा आगाऊपणाच आहे.

दुसरे कारण गोदामांचे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या उंबऱ्यावर, माल साठवायला जागा हवी होती. म्हणून मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यातली भातशेती एकामागून एक गोदामांखाली गेली. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. अशा ठिकाणी अंगण ही चैनीची गोष्ट ठरते आणि बाग बहुधा जिन्याच्या कोपऱ्यात, गच्चीवर किंवा शेडच्या मागच्या वीतभर जागेत सामावते. बागेचा अभ्यास करायला मोठी जागा लागते ही समजूत सोडूनच इथे यावे.

भिवंडीच्या भंगाराचे एक वैशिष्ट्य घरगुती भंगारात सापडत नाही: ते हजारोंनी येते आणि एकसारखे येते. घरातून एक फुटका चहाचा कप निघतो, एक जुना बूट निघतो, एक मोडका पंखा निघतो. हे सगळे एकत्र मांडले की बाग माळ्यावरच्या अडगळीसारखी दिसते. कारखान्यातून मात्र एकाच मापाच्या कांड्या पोत्याने निघतात. आपल्या गोधडीचे सौंदर्य पाहा. तिच्यातले तुकडे नाना लुगड्यांचे असतात, पण टाका एकच असतो. तो एकसारखा टाका सगळ्या विजोडपणाला एकत्र धरून ठेवतो. स्वस्तात सजवलेल्या बागेतही काहीतरी एक सतत परत यावे लागते. भिवंडीत हा टाका फुकटात किंवा किलोच्या भावाने मिळतो.

आता या मालाकडे जरा थांबून पाहू. जुन्या साध्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरून बाण्याचे सूत सुटत जाते. बिनधोट्याचे रॅपिअर माग येऊ लागले तसे धोटे आणि कांड्या निरुपयोगी झाल्या. धोटा घट्ट लाकडाचा असतो, दोन्ही टोकांना पोलादी टोपी असते आणि मध्ये कांडी बसण्यापुरती लांबट खोबण असते. तेवढ्या खोबणीत फार माती मावत नाही, पण कमी मातीवर आणि कमी पाण्यावर जगणारी, जाड पानांची छोटी झाडे तिथे खुशाल राहतात. भिंतीवर असे धोटे ओळीने आडवे लावले तर वेगळी सजावट लागत नाही. लाकडी कांड्या दोऱ्यात ओवून आडोशाचा पडदा करता येतो. फक्त त्या जमिनीत रोवू नयेत. कोकणच्या पावसात वाळवी आणि बुरशी मिळून लाकूड लवकर संपवतात. टांगलेल्या लाकडाला दरवर्षी पावसाआधी बेलतेलाचा एक हात दिला तर ते बरेच तगते.

सूत ज्या कागदी कोनांवर येते ते तर रोपवाटिकेसाठीच केले असावेत असे वाटते. वर रुंद, खाली निमुळते आणि बुडाला आपसूक भोक. रोप वाढले की कोनासकट जमिनीत लावावे, कागद मातीत विरून जातो. प्लास्टिकचा कोन मात्र काढून घ्यावा. लोखंडी बीम, ज्यावर ताणा गुंडाळतात, हा वेलासाठी तयार खांबच आहे, पण तो जड असतो, म्हणून गच्चीवर चढवण्याआधी गच्चीचा विचार करावा. मागाची दातेरी चाके बिडाची असतात. बिडावर गंज चढतो तो वरवरचा. पत्र्याचा डबा ज्या हवेत काही पावसाळ्यांतच चाळणी होतो, त्याच हवेत बीड वर्षानुवर्षे उभे राहते. मात्र मागाच्या प्रत्येक भागावर वर्षांचे तेल आणि ग्रीस असते. धुण्याच्या सोड्याने आणि गरम पाण्याने ते आधी उतरवावे, नाहीतर पहिल्या पावसात ते कुंडीत उतरते.

चिंधीबद्दल थोडे सावधपणे बोलावे लागते. रॅपिअर मागावर कापडाच्या कडेची एक पट्टी कापली जाते आणि ती लांबच लांब दोरीसारखी बाहेर पडते. झाड बांधायला ही पट्टी सुतळीपेक्षा मऊ असते, खोडाला करकोचा पडत नाही. सुती पट्टी दोनेक हंगामांत कुजते, आणि ते चांगलेच आहे. पण पॉलिस्टरची पट्टी कुजत नाही; उन्हाने तिचे बारीक तंतू सुटतात आणि मातीत राहतात. दोन्ही एकाच पोत्यात येतात. एक धागा जाळून पाहिला की फरक कळतो: सुताची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो.

गोदामांतून निघणारी लाकडी पॅलेट हा सध्या शहरी बागवाल्यांचा लाडका माल आहे, आणि फसगतही इथेच होते. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून 2002 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो भाग आहे. शिक्क्यात ‘एचटी’ अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर शिक्का असेलच असे नाही, आणि त्यावर काय सांडले होते ते फक्त डागांवरून ओळखावे लागते. बाक, कठडा, वेलाची चौकट यांसाठी पॅलेट उत्तम. पालेभाजीच्या वाफ्याला मी शिक्का पाहिल्याशिवाय वापरणार नाही. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांनाही हाच न्याय लावावा. भिवंडीत सायझिंग आणि रंगाईचे कारखाने आहेत, पिंप तिथूनही येते. त्यातला रंग किंवा रसायन कोणते होते हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर त्यात फुलझाड लावा, मेथी नको.

माग आणि गोदामे यांच्यानंतर भंगारातला तिसरा प्रवाह जुन्या घरांचा. कौलारू घर पाडून स्लॅबचे घर उठते तेव्हा मंगलोरी कौलांचा ढीग लागतो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि कित्येक कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव ठसठशीत उठलेले असते. ती नावे दिसतील अशी उभी रोवून वाफ्याची कड करावी. फुटक्या तुकड्यांनी कुंडीचे बूड भरावे. त्याच ढिगाऱ्यात सिमेंटचे पत्रे दिसले तर मात्र हात मागे घ्यावा. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते, आणि ते कापताना, फोडताना उडणारे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

टायरच्या कुंड्यांबद्दल माझे मत कडक आहे. 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन इथे आशियाई टायगर डास सापडला, तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांबरोबर समुद्र ओलांडून गेला होता. त्याच कुळातला, डेंग्यूचा एडिस डास भांड्याच्या कडेला अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. टायरच्या आतल्या घडीत पाणी अडकते आणि ते उपसताही येत नाही. टायर वापरायचाच असेल तर त्याला खालून मोठी भोके पाडावीत, आतली पोकळी मातीने गच्च भरावी. नुसता रंगवून ठेवलेला टायर म्हणजे डासांना दिलेले भाड्याचे घर.

हा विषय फक्त काटकसरीचा नाही हे पाहायचे असेल तर चंडीगडला जावे. नेक चंद सैनी हे तिथल्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवे शहर वसवण्यासाठी जी गावे पाडली गेली त्यांचा मलबा, फुटलेल्या बांगड्या, कपबश्या, सायकलींचे सांगाडे त्यांनी 1957 च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली आणि राखीव जंगलात, सरकारला न सांगता, कित्येक वर्षे त्यांतून मूर्ती आणि भिंती उभ्या केल्या. 1976 मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. काटकोनात आखलेल्या शहराच्या कडेला, त्याच शहराने पुसलेल्या गावांच्या तुकड्यांची बाग. म्हणूनच तिची नक्कल दुसऱ्या गावात जमत नाही. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये वास्तुकार गौदीने फुटक्या फरशीचे जे बाक केले तेही त्या शहराच्या कुंभारकामाशी बांधलेले आहेत. भिवंडीच्या बागेत धोटे नसतील आणि रंगवलेल्या बाटल्या असतील, तर ती कुठलीही बाग असू शकेल.

मातीचे काय, असा प्रश्न येईलच. गच्चीवर माती विकत आणायची तर स्वस्ताईचा मुद्दाच संपतो. इथे आपल्याला परंपरा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी पालापाचोळा, काडीकचरा यांपासून घरच्या घरी माती घडवण्याचे शास्त्र लोकांच्या हाती दिले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग तिथल्याच ओल्या कचऱ्यावर वाढली. उसाच्या रसाच्या गाड्यांवरची चिपाडे, नारळाच्या शेंड्या, भाजी मंडईतला पाला हे सगळे भिवंडीत रोज मिळते. कुंडी भंगाराची आणि माती विकतची, हा व्यवहार अर्धवट आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे या विषयावर लिहिणारे बहुधा पाहत नाहीत. भंगार बेवारस नसते. चिंधी वेचणारी बाई, हातगाडीवाला, गोदामाबाहेरचा कबाडी, किलोचा भाव ठरवणारा व्यापारी अशी त्याची साखळी असते आणि प्रत्येकाचे पोट तिच्यावर असते. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली ती कचऱ्यावरचा हाच हक्क मान्य करून घेण्यासाठी. हौशी माणसाने कारखान्याच्या दारातून पोतेभर माल फुकट उचलला, तर एखादीची त्या दिवसाची कमाई त्यात जाऊ शकते. बाग स्वस्तात करा, पण भाव द्या. शिवाय कोणता माल कुठून आला हे त्या साखळीतल्या माणसांइतके कुणाला ठाऊक नसते. ‘ही आधी काय करत होती?’ या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडेच आहे.

म्हणून वाचकाला विनंती आहे. एखादे पुस्तक उघडण्याआधी आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे वही घेऊन जा. वस्तूचे स्थानिक नाव, ती कोणत्या यंत्राची, कोणत्या कारखान्यातली, किलोला काय भाव, एवढे लिहून घ्या. बागेत लावल्यावर किती पावसाळे टिकली तेही पुढे त्याच पानावर लिहा. भिवंडीकरांनी हे काम लांबणीवर टाकू नये. धोट्याचे माग तोडून वजनावर विकले जात आहेत, आणि ते चालवणारे, दुरुस्त करणारे कारागीर, म्हणजे जॉबर, आता म्हातारे होत चालले आहेत.