उलटे काढलेले वाघ-हत्ती

वाघ आणि हत्ती हे दोन प्राणी अमेरिकेच्या निवडणुकांत कसे शिरले, ही हकीकत मोठी गमतीची आहे. पण त्या गमतीमागे एका चित्रकाराची जी धावपळ होती तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. हा चित्रकार म्हणजे टॉमस नॅस्ट. जन्म १८४० सालचा, जर्मनीतल्या लँडाउ गावचा. बालपणीच आईबरोबर न्यू यॉर्कला आला. अक्षरांशी त्याचे कधी फारसे जमले नाही. तो चित्र काढीत बसे आणि पत्नी सारा त्याला वाचून दाखवी. असा हा गृहस्थ 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकाचा कणा होऊन बसला!

त्या काळी छायाचित्रावरून ठसा करण्याची सोय नव्हती. बॉक्सवूड नावाच्या कठीण, बारीक पोताच्या लाकडावर पांढरा लेप द्यायचा आणि त्यावर पेन्सिलीने चित्र काढायचे, तेही उलटे. कारण छापताना ते सुलटे होणार. या झाडाचे खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टने जोडलेले असत. घाई असली की आधी सांध्यांवरच्या रेषा खोदून घेत, मग तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत. एकाच्या वाट्याला वाघाचा जबडा, दुसऱ्याच्या वाट्याला नुसते आभाळ! पुन्हा सारे जोडून त्यावरून धातूचा ठसा काढला की मग छपाई. म्हणजे चित्रकाराने हातावेगळे केलेले चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत बरेच दिवस लोटत.

मीही काही वर्षे एका दैनिकासाठी निवडणुकीची चित्रे काढली आहेत. आमच्याकडे जस्ताचे ब्लॉक होते आणि ते काही तासांत तयार होत. मार्च १९७७ च्या निकालाच्या रात्री मी दोन चित्रे करून ठेवली होती. एक छापले, एक टोपलीत गेले. नॅस्टला ही चैन नव्हती. त्याचे चित्र मतदानाआधी लोकांपुढे यायचे, म्हणजे निकालाचा पत्ता नसतानाच ते लाकडात कोरले जायचे. त्याची सगळी कला या अडचणीतून घडली असे मला वाटते.

१८७१ साली न्यू यॉर्क शहर विल्यम ट्वीड आणि त्याच्या टॅमनी हॉलच्या टोळीच्या मुठीत होते. जुलैत 'न्यू यॉर्क टाइम्स'ने शहराच्या हिशेबातली लूट आकड्यांनिशी छापली. पण आकडे वाचणार कोण? माझे मतदार वाचत नाहीत, पण चित्रे पाहतात, असे ट्वीड म्हणाल्याचे सांगतात. तो तसे म्हणाला असो वा नसो, हार्पर मंडळींची क्रमिक पुस्तके शहराच्या शाळांतून हद्दपार झाली, हे मात्र खरे.

७ नोव्हेंबरला मतदान. ११ नोव्हेंबर ही तारीख घातलेला अंक त्याआधीच विक्रीला आला. त्यात दोन पाने व्यापणारे चित्र: रोमन आखाडा, उंचावर सम्राटाच्या थाटात ट्वीड, खाली प्रजासत्ताकरूपी स्त्रीच्या अंगावर चढलेला वाघ, आणि त्या वाघाची नजर थेट वाचकावर. ट्वीड पूर्वी ज्या आगीच्या बंबाच्या पथकाचा नायक होता त्या पथकाचे चिन्ह वाघच होते! वाघ हरला की जिंकला हे नॅस्टला दाखवता येत नव्हते. म्हणून त्याने चित्राखाली वाचकालाच विचारले, आता तुम्ही याचे काय करणार? टॅमनीचे बहुतेक उमेदवार पडले. ट्वीड स्वतः मात्र राज्याच्या सिनेटवर निवडून आला. लोकशाहीत असेही होते.

तीन वर्षांनी हीच तऱ्हा. ७ नोव्हेंबर १८७४ च्या अंकात सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव (आपल्या पंचतंत्रात ते वाघाचे आहे) साऱ्या जनावरांना भेडसावते आहे आणि 'रिपब्लिकन मते' असे अंगावर लिहिलेला हत्ती खड्ड्याच्या काठावर उभा आहे. पुढे काय, ते चित्रात नाही. निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा पराभव झाला, आणि २१ नोव्हेंबरच्या अंकात हत्ती सापळ्यात पडलेला दिसला. घाबरून धडपडणारा हा प्राणी त्या पक्षाने पुढे मोठ्या अभिमानाने मिरवावा, याचे मला नवल वाटते. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्तीच होते. त्याचे या हत्तीशी नाते नाही; पण निरक्षर मतदाराला चित्र कळते, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे.

ट्वीडची अखेर राहिली. डिसेंबर १८७५ मध्ये तो कैदेतून निसटला आणि क्यूबामार्गे स्पेनला पोचला. पण १ जुलै १८७६ च्या अंकात नॅस्टने त्याला पट्टेरी कपड्यांत, दोन पोरांच्या मानगुटी धरून उभा काढला होता. स्पेनच्या अधिकाऱ्यांनी त्या चित्रावरून त्याला ओळखला आणि पकडला. इंग्रजी न कळल्यामुळे हा मुले पळवणारा असावा अशी त्यांची समजूत झाली होती, असे सांगतात. न्यू यॉर्कच्या तुरुंगात १८७८ साली तो वारला.