एकसष्टची निवड

एका संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘बीजगणिता’तले हे उदाहरण. ते सोडवणारी सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. शेजारच्या ६० ला ४ आणि ३१ पुरतात, ६२ चे ८ आणि ६३ वर भागते. शंभराच्या आत एवढे मोठे उत्तर फक्त ६१ चे. ही निवड योगायोगाने झाली असेल, हे मला पटत नाही. पद्धतीची खरी परीक्षा कुठे होते, हे ज्याला ठाऊक आहे तोच ६१ उचलतो.

चाचपडत जाऊन हे उत्तर सापडले असेल का? मिनिटाला एक संख्या तपासली, तरी रात्रंदिवस बसून चारशेहून अधिक वर्षे लागतील. भास्कराचार्य वापरतात त्या, फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या ‘चक्रवाल’ पद्धतीत मात्र सुरुवात अगदी साधी आहे: ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने जास्त. आता असा गुणक घ्यायचा, की तो ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. तो ७. या एकाच फेरीत आपण ३९ आणि ५ वर येतो: ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, फरक उणे ४. फरक ४ उरला की पुढे काय करायचे, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगून ठेवले होते. जोड्या एकत्र करून नवी जोडी काढण्याच्या त्याच्या ‘भावना’ या नियमाने २९७१८ आणि ३८०५ मिळतात, फरक उणे १. त्यांचीच पुन्हा भावना केली की उत्तर हाती येते. चक्रवालाची कल्पनाही एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. त्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञाने ती मांडली होती.

आक्षेप असा, की ही पद्धत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोचतेच याची सिद्धता भास्कराचार्य देत नाहीत. आक्षेप खरा आहे. गुणणारी संख्या स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर असे उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले आणि ते श्रेय त्याचेच. पण सिद्धता नाही म्हणून पद्धतच नव्हती, असे म्हणता येत नाही. १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान दिले, तेव्हा त्यानेही ६१ च निवडले. ते भारतातून त्याच्याकडे गेले, असे मानायला आधार नाही आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. दोघे आपापल्या वाटेने त्याच अवघड जागी पोचले, ही साक्ष अधिक मोलाची आहे.

शिवाय ‘बीजगणित’ हा शिकवण्याचा ग्रंथ होता, त्यामुळे पद्धतीची कसोटी पाहणारे उदाहरण त्यात मुद्दाम निवडले जाणे स्वाभाविकच. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद आहे.