गडगा कोणी रचायचा?

रॉबर्ट फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल' ही कविता इंग्रजी साहित्याच्या आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते, आणि तिच्यावरची वर्गातली चर्चाही साधारण ठरलेली असते. भिंत म्हणजे माणसामाणसांतला दुरावा. निवेदक उदार, शेजारी वाडवडिलांच्या म्हणीला चिकटून बसलेला. आणि मग बर्लिन. १९६२ साली फ्रॉस्टने ही कविता सोव्हिएत रशियात वाचून दाखवली, तेव्हा बर्लिनची भिंत उभी राहून एकच वर्ष झाले होते, त्यामुळे या अर्थाला बळकटी आली. आम्हीही ती अशीच शिकलो, आणि पुढे अशीच शिकवली. या अर्थाशी आमचे भांडण नाही. पण कवितेतले ते दोन शेजारी मुळात करताहेत काय, हा साधा प्रश्न त्यात मागे पडतो. ते सामाईक हद्दीवरच्या दगडी कुंपणाची डागडुजी करीत आहेत. ही डागडुजी कोणी करायची, याला इतिहास आहे आणि कायदाही आहे.

कुंपण आहे ते कोकणातल्या गडग्यासारखे, चुन्यामातीविना नुसत्या दगडांचे. आपल्याकडे गडग्याचे जे नुकसान पावसाळा करतो, ते न्यू हॅम्पशायरमध्ये हिवाळा करतो: जमिनीतले पाणी गोठून फुगते, जमीन वर उचलली जाते आणि दगड निखळतात. म्हणून दर वसंतात दुरुस्ती आलीच. फ्रॉस्ट १९०० पासून सुमारे दहा वर्षे तिथल्या डेरी या गावी शेती करीत होता. कविता १९१४ च्या 'नॉर्थ ऑफ बॉस्टन' या संग्रहात आरंभीच आली. दोघे शेजारी भिंतीच्या आपापल्या बाजूने चालतात आणि आपल्या बाजूला पडलेला दगड ज्याचा त्याने उचलायचा. हा शिरस्ता काव्यासाठी रचलेला नाही. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत सतराव्या शतकापासून गावोगाव 'फेन्स-व्ह्यूअर', म्हणजे कुंपणांची पाहणी करणारे पंच, नेमले जात. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हे पद आजही आहे. दोन लागवडीखालील जमिनींमधले कुंपण दोघांनी निम्मे निम्मे राखायचे. चार फूट उंचीचे, चांगल्या स्थितीतले कुंपण पुरेसे. एकाने हयगय केली तर दुसऱ्याने पंचांकडे जायचे, पंच जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मुदत देणार, आणि तरीही काम झाले नाही तर तक्रारदाराने ते स्वतः करून दुप्पट खर्च वसूल करायचा. शेजारधर्मावर एवढा कमी विश्वास ठेवणारा कायदा आमच्या पाहण्यात दुसरा नाही, आणि कदाचित म्हणूनच तो इतका टिकला.

आता निवेदकाचा आक्षेप पुन्हा वाचावा. गायी असतील तिथे कुंपण हवे, हे त्याला मान्य आहे. पण इथे गायी नाहीत, एका बाजूला सफरचंदाची बाग आणि दुसऱ्या बाजूला पाइन वृक्ष, मग भिंत कशाला? वर्गात आम्ही याला तत्त्वचिंतन म्हणत आलो. वस्तुतः हा कुंपणाच्या कायद्यातला सर्वांत जुना प्रश्न आहे: ज्या कारणासाठी कुंपण घातले ते कारण संपल्यावर दुरुस्तीची जबाबदारी उरते का?

मनुस्मृतीचे नाव निघाले की महाराष्ट्रात २५ डिसेंबर १९२७ चे महाड आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. पण तिच्या आठव्या अध्यायातले गुराख्यांसंबंधीचे नियम या प्रश्नासाठी पाहण्याजोगे आहेत. गावाभोवती शंभर धनुष्यांचे गायरान सोडावे. तिथे बिनकुंपणाच्या पिकाची गुरांनी नासाडी केली तर राजाने गुराख्याला दंड करू नये. कुंपण पलीकडे उंटाला डोकावता येणार नाही इतके उंच असावे आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजवलेले असावे. उंट आणि डुक्कर अशी वरची व खालची मोजपट्टी देणाऱ्या स्मृतिकाराची व्यवहारदृष्टी येथे दिसते. तेव्हा इथे भार पीकवाल्यावर आहे, आणि तो पूर्णपणे गुरांच्या असण्यावर अवलंबून आहे. निवेदकाला हा नियम पटला असता.

इंग्लंडच्या सामान्य कायद्याने उलट टोक धरले. तिथे कुंपण घालण्याची सक्ती कोणावरच नाही. ज्याची गुरे त्याने ती आवरावीत. मात्र करारातून किंवा दीर्घ वहिवाटीतून ही जबाबदारी एखाद्या जमिनीला चिकटू शकते. १९७१ च्या निवाड्यांत छापलेला 'क्रो विरुद्ध वुड' हा खटला याच प्रकारचा. यॉर्कशरमधल्या एका माळरानाच्या कडेची शेते पूर्वी एकाच मालकाची होती, मग ती तुकड्यांनी विकली गेली. माळावर मेंढ्या चरत आणि कडेच्या शेतकऱ्यांनी आपापली कुंपणे राखावीत असा रिवाज होता. त्यातल्या एका शेताच्या मालकीणबाईंनी स्वतः माळावर मेंढ्या चारणे सोडले, कुंपणही सोडले, आणि शेजाऱ्याच्या मेंढ्या आत शिरल्या तेव्हा भरपाईचा दावा लावला. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. मेंढ्या तुमच्या नसल्या तरी कुंपण राखण्याचे बंधन जमिनीबरोबर तुमच्याकडे आले आहे, असा त्याचा अर्थ. फ्रॉस्टचा शेजारी हेच म्हणतो. फक्त त्याच्याजवळ निकालपत्र नाही, बापाची म्हण आहे. त्याला अंधारात वावरणारा पाषाणयुगीन माणूस ठरवताना आपण हे विसरतो की त्याची बाजू एका न्यायालयानेही उचलून धरली असती.

मात्र मेंढीवाला शेजारी तिथे खरोखर होता, आणि फ्रॉस्टच्या टेकडीवर कोणाचीच गुरे नाहीत. या फरकाने निवेदकाचे पारडे पुन्हा थोडे वर येते. पण मग आणखी एक तपशील पाहावा लागतो, ज्याकडे आम्ही बरीच वर्षे दुर्लक्ष केले. दुरुस्तीचा दिवस ठरवण्यासाठी टेकडीपलीकडे निरोप कोण पाठवतो? शेजारी नव्हे, निवेदकच. शिकाऱ्यांनी ससा हुसकण्यासाठी पाडलेली भिंतही त्याने एकट्याने पुन्हा रचलेली आहे, असे तो स्वतःच सांगतो. तिथे त्याला कोणी पंच बोलावीत नव्हते.