नांदेड शहरातील व परिसरातील पर्यटन

नांदेड हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील, गोदावरी नदीच्या काठी वसलेले प्राचीन नगर व जिल्ह्याचे मुख्यालय आहे. शीख धर्मीयांच्या पाच तख्तांपैकी एक असलेले तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब येथे असल्यामुळे देशविदेशांतून भाविक वर्षभर या शहरात येतात. गुरुद्वारांखेरीज नदीकाठचा किल्ला, घाट व विष्णुपुरीचा जलाशय ही शहरातील व त्यालगतची प्रेक्षणीय स्थळे आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागात कंधार, मुखेड व होट्टल येथे राष्ट्रकूट आणि चालुक्य काळातील वास्तुशिल्पाचे अवशेष आहेत, तर उत्तर भागात माहूर हे शक्तिपीठ आहे.

पार्श्वभूमी

नांदेडचे प्राचीन नाव नंदितट असे सांगितले जाते. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटातील नांदिकड हा प्रदेश म्हणजेच आजच्या नांदेडचा परिसर, असे अभ्यासक मानतात. पुढील काळात हे नगर संस्कृत विद्येसाठी ख्यातनाम झाले. 'यथार्थदीपिका'कार वामन पंडित यांचे शेषे घराणे नांदेडचे मानले जाते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन होईपर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. विचारवंत नरहर कुरुंदकर हे या महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

तख्त सचखंड

दहावे शीख गुरू श्री गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये मुघल बादशहा पहिला बहादुरशहा याच्यासमवेत दक्षिणेत आले व नांदेड येथे थांबले. येथेच त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरू ग्रंथसाहिब हाच यापुढे गुरू राहील असे घोषित केले. त्यामुळे शीख धर्माच्या इतिहासात नांदेडचे स्थान केवळ समाधिस्थानापुरते मर्यादित नाही.

सध्याच्या गुरुद्वाराची मूळ वास्तू महाराजा रणजितसिंह यांनी १८३० च्या दशकात उभारली. अंत्यसंस्काराच्या जागी असलेल्या गाभाऱ्याला 'अंगीठा साहिब' म्हणतात. येथे गुरूंची शस्त्रे जतन केलेली असून सायंकाळी भाविकांना त्यांचे दर्शन घडविले जाते. गुरूंच्या घोड्याच्या वंशातील मानले जाणारे घोडेही येथे पाळले जातात. गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचेही पठण होणे हे या तख्ताचे वैशिष्ट्य आहे.

गुरुद्वारात कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला प्रवेश आहे. डोके रुमालाने वा पदराने झाकणे, पादत्राणे बाहेर काढून हातपाय धुणे आणि तंबाखूजन्य पदार्थ जवळ न बाळगणे हे नियम पाळावे लागतात. लंगरमध्ये सर्वांना एका पंगतीत बसवून विनामूल्य भोजन दिले जाते. इच्छा असल्यास पाहुण्यांना वाढण्याच्या व भांडी घासण्याच्या सेवेतही सहभागी होता येते.

इतर गुरुद्वारे

गुरूंच्या नांदेडमधील वास्तव्याशी निगडित अनेक गुरुद्वारे शहरात व आसपास आहेत. माधोदास बैरागी यांची आणि गुरूंची भेट जेथे झाली ते स्थान बंदा घाट म्हणून ओळखले जाते. हेच माधोदास पुढे बंदासिंह बहादूर या नावाने पंजाबात मुघल सत्तेशी लढले. नगीना घाट व हीरा घाट या दोन्ही स्थानांविषयी समान आशयाच्या आख्यायिका आहेत : भेट म्हणून आलेले मौल्यवान रत्न गुरूंनी गोदावरीत टाकले व संपत्तीविषयीची आपली निर्लोभ वृत्ती दाखवून दिली. शिकार घाट, माल टेकडी, संगत साहिब व माता साहिब ही अन्य स्थाने होत. हीरा घाट व माता साहिब शहराबाहेर असल्याने त्यांच्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो.

किल्ला, घाट आणि विष्णुपुरी

नंदगिरी किल्ला रेल्वे स्थानकापासून सुमारे ४ कि.मी. अंतरावर असून तीन बाजूंनी गोदावरीने वेढलेला आहे. आत जलशुद्धीकरणाची व्यवस्था व बाग आहे. येथून नदीपात्राचे विस्तृत दृश्य दिसते. नदीकाठी गोवर्धन घाट व उर्वशी घाट आहेत.

शहरापासून सुमारे ८ कि.मी. अंतरावरील विष्णुपुरी येथे गोदावरीवर उपसा सिंचन प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या नावावरून 'शंकर सागर' हे नाव मिळाले. काठावरील काळेश्वर मंदिर सहलीचे लोकप्रिय ठिकाण आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसरही येथेच आहे.

दक्षिणेकडील स्थळे

कंधार : मन्याड नदीच्या परिसरातील हे गाव नांदेडपासून सुमारे ५० कि.मी. वर आहे. येथील भुईकोट किल्ल्याभोवती रुंद खंदक व भक्कम तटबंदी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील कंधार शिलालेखात तत्कालीन नगराचे वर्णन आढळते. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव पाहिल्यावर मूळ मूर्तीच्या भव्यतेची कल्पना येते. जगत्तुंग सागर हा प्राचीन तलाव आणि हाजी सय्याह दर्गा हीही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत.

मुखेड : तालुक्याच्या या गावी दशरथेश्वर हे शिवमंदिर आहे. बाह्य भिंतींवरील मूर्तिकाम, विशेषतः नृत्यमग्न मातृकांची शिल्पे, अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. मातृका बहुधा बसलेल्या स्थितीत कोरलेल्या असतात. त्यामुळे येथील शिल्पे बारकाईने पाहावीत.

होट्टल : देगलूर तालुक्यातील या गावी कल्याणी चालुक्यांच्या काळातील सिद्धेश्वर मंदिर व अन्य मंदिरे आहेत.

ही मंदिरे पाहताना मूर्तींना तेल, शेंदूर वा रंग लावणे कटाक्षाने टाळावे. अशा थरांखाली अलंकार, आयुधे व मुद्रा दडून जातात आणि मूर्तीची ओळख पटवणेही अवघड होते. सकाळच्या वा उतरत्या तिरप्या उन्हात कोरीव काम अधिक स्पष्ट दिसते.

उत्तरेकडील स्थळे

माहूर येथील रेणुकामाता मंदिर महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असून ते नांदेडपासून सुमारे १३० कि.मी. दूर आहे. दत्तशिखर, अनसूया शिखर, माहूरगड व पांडवलेणी ही तेथील अन्य ठिकाणे आहेत. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत पाहण्याजोगा असतो. ओल्या खडकांवरून पाय घसरण्याचा धोका असल्याने प्रवाहाजवळ जाऊ नये. किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत.

सण व यात्रा

होळीच्या वेळचा होला महल्ला आणि दसरा या प्रसंगी तख्त सचखंडातून शस्त्रांसह मिरवणूक निघते. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या 'तख्त स्नान' विधीसाठी गोदावरीचे पाणी आणले जाते. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट व गुरे यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे.

प्रवास व कालावधी

हुजूर साहिब नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाचे मुख्यालय असलेले स्थानक आहे. अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस येथून सुटते. शहरातील विमानतळाला श्री गुरू गोविंदसिंहजी यांचे नाव देण्यात आले आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जात असल्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो. शहरासाठी एक दिवस, कंधार, मुखेड व होट्टलसाठी दुसरा आणि माहूरसाठी तिसरा दिवस ठेवल्यास ही स्थळे निवांतपणे पाहता येतात.