चिखल, वारा आणि एंजिन

पावसाळ्यात एखाद्या कच्च्या रस्त्यावर चिखलात रुतलेली मोटार आपण पाहिली असेल. चाके जागच्या जागी गरगरत आहेत, एंजिन आक्रोश करीत आहे, आणि थोड्याच वेळात बोनेटच्या फटींतून वाफ येऊ लागते. वरून पावसाची धार, खाली गुडघाभर पाणी, आणि मध्ये हे यंत्र उकळत आहे! पाहणाऱ्यास नवल वाटते; परंतु मोटारीच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण या नवलातच साठविलेले आहे.

कारण फारसे गूढ नाही. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानाने एक-तृतीयांश भाग सिलिंडरच्या भिंतींवाटे बाहेर काढून टाकावा लागतो. तो न काढल्यास पिस्टन प्रसरण पावून आवळतो आणि यंत्र जागीच थिजते. चांगल्या सडकेवर हे काम वारा फुकट करतो. चिखलात मात्र गाडीचा वेग बैलगाडीचा, आणि एंजिन राबते ते डोंगर चढत असल्यासारखे. म्हणजे उष्णता जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच वारा सर्वांत कमी. त्यात चिखलाचे शिंतोडे रेडिएटरच्या जाळीत बसतात, आणि मागच्या उष्णतेने त्यांची वीट भाजून निघते.

प्रारंभी तर रेडिएटर हा पदार्थच नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्‌सहाइमला यजमानांच्या मोटारीतून गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. त्या गाडीतील पाणी सिलिंडरभोवती उकळे आणि वाफ होऊन उडून जाई. एवढीच तिची शीतलव्यवस्था. वाटेत विहीर, ओढा, खानावळ जे लागेल तेथे थांबून पाणी भरावयाचे. मोटारीच्या पहिल्या दीर्घ प्रवासाचा बराचसा वेळ असा पाणी शोधण्यात गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यावर खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. सहा मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. त्यामुळे पूर्वी जेथे १८ लिटर पाणी लागे, तेथे ९ लिटरमध्ये भागू लागले. माझ्या मते त्यांची याहून मोठी दूरदृष्टी म्हणजे रेडिएटरच्या मागे बसविलेला लहानसा पंखा. गाडी हळू चालताना निसर्गाचा वारा पुरणार नाही, तो यंत्रानेच निर्माण केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. चिखलात पुढे ज्या ज्या गाड्या तरल्या, त्यांपैकी बहुतेक या पंख्याच्याच ऋणी आहेत.

आता अमेरिकेकडे वळू. हेन्री फोर्ड यांची मॉडेल-टी गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, आणि तिची संख्या दीड कोटीवर गेली. त्या काळी तेथील खेड्यापाड्यांचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात निव्वळ चिखलाचे पाट. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाणी फिरविण्यास पंप होता. पुढे फोर्डनी तोही काढून टाकला. मी शाळेत अभिसरण शिकवीत असताना काचेच्या नळीतील पाण्यात लाकडाचा भुसा टाकून, तापलेले पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, हे मुलांना दाखवीत असे. मॉडेल-टी म्हणजे हाच प्रयोग चार चाकांवर बसविलेला. पंप नाही म्हणून तो बिघडण्याची चिंता नाही; शेतकऱ्यास याहून काय हवे? परंतु या युक्तीत एक वर्म होते. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की प्रवाह तुटतो आणि अभिसरण थांबते. चिखलात खालच्या गियरचे पेडल डाव्या पायाने दाबून धरून बराच वेळ गेला की पाणी उकळे. उकळले की उडे. उडाले की पातळी उतरे. आणि पातळी उतरली की उरलेले पाणी अधिकच वेगाने उकळे. रोग स्वतःच स्वतःला वाढवी.

या वर्मावर उपाय सापडला तो चिखलात नव्हे, तर वाळवंटात. मऊ वाळू म्हणजे कोरडा चिखलच. चाके तशीच रुततात, एंजिन तसेच राबते. भेद इतकाच, की तेथे वाफेबरोबर उडालेले पाणी म्हणजे माणसांच्या तोंडचे पाणी. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड १९२० नंतरच्या दशकात लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन हिंडू लागले. त्यांनी रेडिएटरचे झाकण हवाबंद केले, त्याची सांडनळी पायफळीवर बसविलेल्या एका डब्यात नेली, आणि डबा थंड पाण्याने अर्धा भरून ठेवला. उकळलेली वाफ डब्यातील पाण्यात जाऊन निवे. मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून थोडी थांबविली की रेडिएटर थंड होई, आत निर्वात निर्माण होई, आणि डब्यातील पाणी गटगट आवाज करीत आपोआप परत ओढले जाई. पहिल्या महायुद्धात त्याच मुलखात फिरणाऱ्या फोर्ड गाड्यांच्या पथकांनीही असाच डबा वापरला होता. बॅग्नोल्डनी ती रीत पद्धतशीर केली. १९४० च्या जुलैमध्ये त्यांनी ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे पथक उभारले, तेव्हा शत्रूच्या पिछाडीस आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या त्या लोकांचा जीव या साध्या डब्यावर अवलंबून होता.

त्याच युद्धात जर्मनांनी पाण्याचाच निकाल लावला. फर्डिनांड पोर्शे यांनी रचलेल्या क्यूबेलवागनचे एंजिन मागे होते आणि ते निव्वळ पंख्याच्या हवेने थंड होई. १९४१ च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या वाटेवर रशियाचा शरदऋतूतील चिखल आडवा आला, तेव्हा साध्या लष्करी लॉऱ्यांचे तांडेच्या तांडे अडकून पडले. ही हलकी गाडी त्यातल्या त्यात बरी चाले. नंतर थंडी पडली, तेव्हा गोठून फुटण्यास तिच्यात पाणीच नव्हते. तथापि वातशीतल एंजिन म्हणजे सर्व दुःखांवर औषध, असे कोणी समजू नये. त्याच्या धातूच्या पात्यांवर चिखल बसून वाळला, तर एंजिनावर जणू कांबळे घातल्यासारखे होते, आणि ते कांबळे उतरविणे रेडिएटर धुण्यापेक्षा कठीण.

दोस्तांची जीप मात्र पाण्याशी एकनिष्ठ राहिली. क्यूबेलवागन सुमारे पन्नास हजार निघाल्या, तर जीप सहा लाखांवर. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशातून जाणाऱ्या रस्त्याच्या चिखलातही त्या राबल्या, आणि युद्धानंतर मुंबईत जोडल्या जाऊन आपल्याही खेड्यांत आल्या. खोल ओढ्यात शिरण्यापूर्वी जाणते चालक तिच्या पंख्याचा पट्टा काढून ठेवीत; नाहीतर पाती पाणी उडवून विजेच्या तारा भिजवीत, किंवा पाण्याच्या दाबाने पुढे वाकून रेडिएटरलाच भोसकीत. पलीकडच्या काठावर पोहोचताच पट्टा पुन्हा चढविणे हे पहिले काम. मायबाखच्या पंख्यावाचून ती चिखलात फार वेळ टिकत नसे.

आजच्या गाडीत रेडिएटरच्या झाकणाखाली स्प्रिंग असते. तिच्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते; म्हणूनच तापलेले झाकण उघडणे हा अविचार होय. शेजारी जी प्लास्टिकची बाटली दिसते, ती बॅग्नोल्डच्या डब्याचीच वंशज. चिखलात मुद्दाम गाड्या घालणारे अमेरिकेतील हौशी लोक तर रेडिएटर पुढून उचलून उंच जागी बसवितात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी चिखलातून बाहेर येताच जाळी धुवावी. आणि तीही पुढून नव्हे, तर एंजिनाच्या बाजूने बाहेर, मंद धारेने. पुढून जोराचा फवारा मारल्यास चिखल अधिकच आत ठासला जातो आणि जाळीची पातळ पाती वाकतात.